डोकेदुखीचं ओझं: किती जणांवर, किती दिवस? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला चौदाव्या वर्षापासून अर्धशिशी आहे. पुढे डोकेदुखीच्या घरोघर होणाऱ्या पाहण्यांमध्ये प्रश्नावली भरून घेण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. दोन्हीकडून एकच गोष्ट दिसत गेली. हा त्रास कोणी मोजत नाही. ज्याला होतो तो मोजत नाही, घरचे मोजत नाहीत, आणि सरकारी हिशेबात तर तो कित्येक वर्षं नव्हताच. लोक मला वरचेवर जे प्रश्न विचारतात, ते उत्तरांसह इथे दिले आहेत.

डोकेदुखी हा आजार आहे की दुसऱ्या आजाराचं लक्षण?

दोन्ही असू शकतं. ताप, डोक्याला मार, मेंदूज्वर, रक्तस्राव अशा कारणाने डोकं दुखतं तेव्हा ते लक्षण असतं. वैद्यकात त्याला दुय्यम डोकेदुखी म्हणतात. पण बहुतेक वेळा मागे दुसरं काहीच नसतं, डोकेदुखी हाच आजार असतो. अर्धशिशी म्हणजे मायग्रेन, ताणाची डोकेदुखी आणि क्लस्टर डोकेदुखी हे या प्राथमिक गटातले मुख्य प्रकार.

हा फरक नीट कळला की बाकीचं बरंच सोपं होतं. ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही’ हे वाक्य मी शेकडो लोकांच्या तोंडून ऐकलं आहे. रिपोर्ट नॉर्मल येणं हेच अर्धशिशीत अपेक्षित असतं. रक्तात किंवा स्कॅनमध्ये दिसेल अशी तिची खूण नाही. निदान होतं ते रुग्णाचं नीट ऐकून घेतल्यावर.

जगात किती लोकांना हा त्रास आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगातल्या सुमारे ४० टक्के लोकांना, म्हणजे ३.१ अब्ज माणसांना, डोकेदुखीचा कुठला ना कुठला विकार होता. वयाच्या पाचव्या वर्षापासून ऐंशीपर्यंत जवळजवळ प्रत्येक वयोगटात मज्जासंस्थेच्या सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या तीन विकारांत डोकेदुखी आहे.

जगभरच्या प्रकाशित पाहण्यांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात डोकेदुखी झालेल्यांचं प्रमाण ५२ टक्के निघालं. अर्धशिशी १४ टक्के, ताणाची डोकेदुखी २६ टक्के, आणि महिन्यातले पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस डोकं दुखणारे ४.६ टक्के. याच आढाव्यातला एक आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. कोणताही एक दिवस घेतला, तरी त्या दिवशी जगातल्या १५.८ टक्के लोकांचं डोकं दुखत असतं. म्हणजे साधारण सहांतल्या एकाचं. साठ जण काम करत असलेल्या कचेरीत आजच्या दिवसात नऊ-दहा जण कधी ना कधी कानशिलं दाबत बसलेले असतील, आणि त्यातले बहुतेक कुणाला सांगणार नाहीत.

एके ठिकाणी ४० टक्के, दुसरीकडे ५२. मग खरा आकडा कोणता?

दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. फरक येतो तो मोजण्याच्या पद्धतीमुळे. ‘गेल्या वर्षात डोकं दुखलं का?’ असं विचारलं तर एक उत्तर येतं, ‘आयुष्यात कधी?’ विचारलं तर दुसरं, आणि ‘गेल्या तीन महिन्यांत?’ विचारलं तर तिसरं. सर्दी-तापाबरोबरचं दुखणं धरायचं की सोडायचं, यानेही आकडा हलतो. दवाखान्यात आलेले मोजले तर आकडा फारच लहान दिसतो, कारण बहुतेक जण दवाखान्यात जातच नाहीत. म्हणून घरोघर जाऊनच मोजावं लागतं.

आणि प्रश्न कसा विचारला यावर किती अवलंबून असतं, ते मी दारात उभी राहून शिकले. एका बाईंना विचारलं, ‘तुम्हाला डोकेदुखीचा आजार आहे का?’ त्या म्हणाल्या, ‘नाही हो, मला काही आजार नाही.’ मी पुढचा प्रश्न वाचला, ‘डोकं दुखतंय म्हणून गेल्या वर्षात कधी अंधारात पडून राहावं लागलं?’ त्या हातातलं काम थांबवून म्हणाल्या, ‘ते होय! ते तर महिन्यातून दोन-तीनदा होतंच. उलटी झाली की मग बरं वाटतं.’ अर्धशिशीचं याहून स्पष्ट वर्णन पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. पहिल्या प्रश्नावर थांबले असते, तर त्या ‘निरोगी’च्या रकान्यात गेल्या असत्या.

माझी अर्धशिशी आहे की ताणाची डोकेदुखी, कसं ओळखायचं?

आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने १९८८ मध्ये पहिल्यांदा सर्व प्रकारांचं वर्गीकरण केलं, त्याची तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली. जगभरातल्या पाहण्या आता त्याच व्याख्यांवर चालतात. त्यातला गाभा असा.

अर्धशिशीचा झटका उपचार न केल्यास ४ ते ७२ तास टिकतो. दुखणं बहुधा एका बाजूला, नाडीच्या ठोक्यासारखं ठणकणारं, मध्यम ते तीव्र असतं आणि जिना चढला किंवा खाली वाकलं तरी वाढतं. या चारांपैकी निदान दोन गोष्टी असाव्या लागतात. जोडीला मळमळ किंवा उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं. असे निदान पाच झटके येऊन गेले असले, तर अर्धशिशी म्हणतात. काहींना दुखायला लागण्याआधी डोळ्यांपुढे चमचमत्या वेड्यावाकड्या रेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात. या पूर्वलक्षणाला ऑरा म्हणतात. अर्धशिशी असलेल्यांपैकी बहुतेकांना ऑरा येत नाही, त्यामुळे तो नसला म्हणून अर्धशिशी नाही असं समजू नका. आणि नाव ‘अर्ध’शिशी असलं तरी दुखणं दोन्ही बाजूंनाही असू शकतं.

ताणाच्या डोकेदुखीत डोक्याभोवती घट्ट पट्टा आवळल्यासारखं वाटतं. दुखणं दोन्ही बाजूंना, सौम्य ते मध्यम असतं. मळमळ नसते. चालता-फिरता येतं. अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत टिकू शकते.

क्लस्टर डोकेदुखी हजारात एकाहूनही कमी लोकांना होते आणि पुरुषांत जास्त दिसते. पंधरा मिनिटं ते तीन तासांचे, एका डोळ्यामागे भोसकल्यासारखे झटके येतात. त्या बाजूचा डोळा लाल होतो, पाणी येतं, नाक चोंदतं. अर्धशिशीचा माणूस निश्चल पडून राहतो, क्लस्टरचा मात्र येरझाऱ्या घालतो, त्याला एका जागी बसवत नाही. असा माणूस पाहण्यात असेल तर त्याला लगेच न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा. साध्या गोळ्यांनी त्याचं भागत नाही.

डोळ्यांचा नंबर, बीपी, सायनस यांमुळे डोकं दुखतं ना?

लोक समजतात त्यापेक्षा खूपच कमी. थोड्याफार वाढलेल्या रक्तदाबाने सहसा डोकं दुखत नाही, तो अतिशय वाढला तर दुखू शकतं. ‘सायनसचा त्रास’ म्हणून वर्षानुवर्षं औषधं घेणाऱ्या कितीतरी जणांना मुळात अर्धशिशी असते, कारण अर्धशिशीतही नाक वाहतं, कपाळ आणि गाल दुखतात. चष्मा लागला असेल तर जरूर लावा. पण चष्मा बदलूनही महिन्याला तीन वेळा उलट्यांसकट डोकं दुखत असेल, तर आणखी एक चष्मा करू नका.

डोकेदुखीने कोणी मरत नाही. मग तिचं ‘ओझं’ कसलं?

बराच काळ आजाराचं महत्त्व त्याने किती माणसं मेली यावरून ठरत असे. त्या तराजूत डोकेदुखीचं वजन शून्य भरायचं. १९९० च्या दशकात ‘जागतिक आजारभार’ हा अभ्यास सुरू झाला आणि त्याने मृत्यूसोबत त्रासात घालवलेली वर्षंही मोजायला घेतली. त्यासाठी प्रत्येक अवस्थेला शून्य ते एकच्या मधला एक भार दिला जातो. पूर्ण आरोग्य म्हणजे शून्य, मृत्यूइतकी हानी म्हणजे एक. या मोजपट्टीवर अर्धशिशीच्या झटक्याचा भार सुमारे ०.४४ आहे. ताणाच्या डोकेदुखीचा ०.०४ च्याही आत. म्हणूनच ताणाची डोकेदुखी जवळपास दुप्पट लोकांना असूनही एकूण ओझ्यातला मोठा वाटा अर्धशिशीचा असतो. २०१६ च्या हिशेबात जगात अर्धशिशीमुळे ४.५१ कोटी आरोग्यवर्षं, म्हणजे पूर्ण आरोग्याची वर्षं, गेली, ताणाच्या डोकेदुखीमुळे ७२ लाख.

एका माणसापुरतं करून बघू. महिन्याला दोन झटके, प्रत्येकी एक दिवस. वर्षाचे २४ दिवस. त्याला ०.४४ ने गुणलं की दरवर्षी साडेदहा दिवसांचं आरोग्य गेलं. वीस ते पन्नास अशी तीस वर्षं हेच चाललं, तर साडेदहा महिने. हे फक्त झटक्यांतले. मी हा हिशेब पहिल्यांदा स्वतःसाठी केला तेव्हा वही मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

अर्धशिशी जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे म्हणतात, ते कोणत्या यादीत?

अपंगत्व आणणाऱ्या, म्हणजे रोजचं जगणं अडवणाऱ्या आजारांच्या यादीत. २०१९ च्या आकड्यांनुसार त्या यादीत पहिली कंबरदुखी, दुसरी अर्धशिशी. पन्नाशीच्या आतल्या तरुण स्त्रियांचा वेगळा हिशेब केला, तर पहिल्या क्रमांकावर अर्धशिशीच येते.

म्हणजे आजार वाढत चालला आहे?

वयाचा फरक काढून टाकून पाहिलं तर १९९० पासून प्रमाण फारसं बदललेलं नाही. लोकसंख्या वाढली तशी रुग्णांची संख्या वाढली. पण क्रमवारीतली उडी मुख्यतः मोजणीची आहे. २००० सालच्या आजारभार अभ्यासात अर्धशिशी पहिल्यांदा धरली गेली, तेव्हा तिचा क्रमांक १९ वा होता. ताणाची डोकेदुखी यादीत नव्हतीच. जगातल्या निम्म्याहून अधिक लोकसंख्येबद्दल त्या काळी कोणाकडे धड माहितीच नव्हती. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसोबत ‘लिफ्टिंग द बर्डन’ ही मोहीम सुरू झाली. तिने चीन, भारत, रशिया, झांबिया, इथिओपिया अशा देशांत घरोघर पाहण्या करवल्या आणि नकाशावरच्या मोकळ्या जागा भरत गेल्या. शिवाय गोळ्यांच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी आधी वेगळी मोजत, २०१६ पासून ती मूळ आजाराच्या, म्हणजे अर्धशिशीच्या किंवा ताणाच्या डोकेदुखीच्या खात्यात धरली जाऊ लागली. ओझं आधीही होतंच, ते तराजूत उशिरा पडलं.

बायकांमध्येच जास्त का?

२०१६ च्या जागतिक आकड्यांत स्त्रियांत अर्धशिशी १८.९ टक्के आणि पुरुषांत ९.८ टक्के. लहानपणी मुलगे-मुलींत फरक नसतो. मुलीला पाळी सुरू झाली की दोघांच्या रेषा वेगळ्या होतात आणि पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास हे अंतर सगळ्यात जास्त असतं. पाळीच्या आधी शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि त्याच दिवसांत अनेकींना झटका येतो. गरोदरपणात इस्ट्रोजेन चढं राहतं तेव्हा बऱ्याच जणींना आराम पडतो. पाळी गेल्यावरही पुष्कळांचा त्रास ओसरतो.

म्हणजे ज्या वयात शिक्षण, नोकरी, मुलं आणि घरातली म्हातारी माणसं हे सगळं एकदम अंगावर असतं, नेमक्या त्याच वयात हा आजार भरात असतो. पाहणीत ‘घरकाम किती दिवस बंद राहिलं?’ या प्रश्नाला बायका हमखास ‘एकही दिवस नाही’ म्हणायच्या. मग विचारायचं, ‘डोकं दुखत असताना कोणी केलं?’ उत्तर यायचं, ‘मीच.’ हे ‘मीच’ कुठल्या रकान्यात लिहायचं, असा प्रश्न मला दर वेळी पडायचा.

एक महत्त्वाची सूचना इथेच देते. ऑरासह अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांना तसं सांगितल्याशिवाय घेऊ नका. पक्षाघाताचा धोका वाढतो. धूम्रपान असेल तर आणखीच.

हा सुखवस्तू लोकांचा आजार आहे का?

नाही. अमेरिकेतल्या मोठ्या पाहण्यांत कमी उत्पन्नाच्या घरांत अर्धशिशी जास्त आढळली. गरीब देशांतही ती तितकीच सर्रास आहे. फरक पडतो तो औषध मिळतं की नाही यात, आणि एक दिवस काम बुडालं तर चूल पेटते की नाही यात.

कामावर गेलं तरी नुकसान होतं म्हणतात, ते कसं?

शरीर कामावर असतं, डोकं नसतं. दोन ओळींचा हिशेब तीनदा तपासावा लागतो, समोरचा बोलतो ते कानावर आदळतं पण आत शिरत नाही, पडद्याचा उजेड डोळ्यांत टोचतो. हजेरीपटावर मात्र तो दिवस पूर्ण भरतो. त्यामुळे रजेचे दिवस मोजून कोणी म्हणेल की डोकेदुखीने फार काही बुडत नाही, तर त्याने अर्धाच हिशेब केला आहे.

युरोपात हा हिशेब नीट केला गेला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार युरोपीय संघातल्या १८ ते ६५ वयाच्या लोकांच्या डोकेदुखीची वार्षिक किंमत १७३ अब्ज युरो निघाली. त्यातले १११ अब्ज अर्धशिशीचे, ३७ अब्ज गोळ्यांच्या अतिवापरामुळे होणाऱ्या डोकेदुखीचे, २१ अब्ज ताणाच्या डोकेदुखीचे. डोळे उघडणारा आकडा पुढे आहे. या रकमेतला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग बुडालेल्या आणि अर्धवट झालेल्या कामाचा होता. डॉक्टर, तपासण्या आणि औषधं मिळून दहा टक्केही नाहीत. ‘उपचारावर खर्च परवडत नाही’ असं सांगणाऱ्यांपुढे मी हाच आकडा ठेवते.

झटका नसतो त्या दिवशी तर माणूस ठीकच असतो ना?

बाहेरून बघणाऱ्याला ठीक दिसतो. आत पुढच्या झटक्याची धास्ती असते. लग्नाचं आमंत्रण आलं की ‘येईन’ म्हणताना जीभ अडखळते, प्रवासाचं तिकीट काढताना हात थांबतो, कामावर बढती समोर येते तेव्हा ‘जमेल का’ हा विचार आधी येतो. अर्धशिशी असलेल्यांत नैराश्य आणि चिंतेचे विकार इतरांपेक्षा जास्त आढळतात. आजारभाराच्या मोजणीत या मधल्या दिवसांना भार शून्य धरलेला आहे. माझ्या मते तो हिशेब तोकडा आहे आणि खरं ओझं छापील आकड्याहून मोठं आहे.

मुलांनाही होते?

होते, आणि फार वेळा शाळा चुकवायचा बहाणा समजून सोडून दिली जाते. मुलांतला झटका मोठ्यांपेक्षा आखूड असतो, दोन तासांचाही असू शकतो, आणि बहुतेकदा दोन्ही बाजूंना दुखतं. मूल खेळ सोडून स्वतःहून अंधाऱ्या खोलीत जाऊन झोपत असेल, तर ते बहाणा करत नाही. मुलांना ऍस्पिरिन देऊ नका, डॉक्टरांना विचारूनच औषध द्या.

डोकेदुखीच्या गोळ्यांनीच डोकेदुखी होते, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि समाजावरच्या ओझ्यातला सर्वात टाळता येण्याजोगा भाग हाच आहे. ज्याला मुळात अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी आहे, त्याने तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर डोकं जवळजवळ रोज दुखायला लागू शकतं. ट्रिप्टान (अर्धशिशीच्या झटक्यावरची खास औषधं), अफूवर्गीय औषधं किंवा एकात दोन-तीन घटक असलेल्या मिश्र गोळ्या असतील, तर ही मर्यादा महिन्याला १० दिवसांचीच आहे. सकाळी उठल्या उठल्या डोकं जड, म्हणून गोळी, दुपारी तिचा असर उतरला की पुन्हा दुखणं, म्हणून पुन्हा गोळी. सांधेदुखीसाठी त्याच गोळ्या रोज घेणाऱ्या, पण डोकेदुखीचा विकार नसलेल्या माणसाला सहसा असं होत नाही. त्यामुळे गोळी मुळातच वाईट असं नाही, पण डोकेदुखीच्या माणसाने दिवस मोजायलाच हवेत.

मोजायचे ते गोळ्या घेतल्याचे दिवस. एका दिवशी दोन घेतल्या तरी दिवस एकच. उपाय म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती गोळी थांबवणं. पहिले काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, त्रास आणखी वाढतो. तेवढं निभावलं की बहुतेकांना मोकळं वाटतं. अफूवर्गीय किंवा गुंगीची औषधं मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.

इतके लोक त्रस्त असूनही दुर्लक्ष का होतं?

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये डोकेदुखीवर एक जागतिक अहवाल काढला. त्यात दिसलं की वैद्यकीय पदवीच्या सगळ्या अभ्यासक्रमात डोकेदुखीला सरासरी चार तास मिळतात, तज्ज्ञांच्या प्रशिक्षणात दहा. साधारण निम्मे रुग्ण कुठल्याही डॉक्टरकडे न जाता स्वतःच औषध घेतात. अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी असलेल्यांपैकी ४० टक्क्यांचंच निदान होतं, गोळ्यांच्या अतिवापराच्या डोकेदुखीत तर दहांतल्या एकाचंच.

डॉक्टरांना दोष देऊन हे सुटणार नाही. ज्या विषयाला चार तास दिले, तो विषय किरकोळ आहे असंच शिकणारा शिकून बाहेर पडतो. दुसरं म्हणजे हा आजार सांसर्गिक नाही, मारत नाही, आणि येतो-जातो. डॉक्टरांसमोर बसतो त्या दिवशी माणूस हसत बोलत असतो. तिसरं कारण घरातलं आहे. ‘डोकंच तर दुखतंय’ हे वाक्य.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अपस्मार आणि मज्जासंस्थेच्या इतर विकारांसाठी २०२२ ते २०३१ असा कृती आराखडा मंजूर केला आहे. डोकेदुखीचे विकार त्यात येतात. आता आपापल्या आरोग्ययंत्रणेकडे बोट दाखवायला निदान एक कागद आहे.

स्वस्तात काय करता येण्यासारखं आहे?

पुष्कळ. चीन, भारत, रशिया आणि झांबिया या चार देशांचा हिशेब मांडून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झटका आल्यावर साधी वेदनाशामकं नीट वापरणं हाच सर्वात किफायतशीर उपाय त्यात ठरला. एक आरोग्यवर्ष वाचवायला १०० डॉलरहूनही कमी खर्च.

‘नीट’ या शब्दाला इथे महत्त्व आहे. दुखणं चढायच्या आत, पुरेशा मात्रेत, आणि महिन्याच्या मर्यादेत. ‘बघू, थांबेल आपोआप’ म्हणत तीन तास काढून घेतलेली गोळी पुष्कळदा कामच करत नाही, कारण झटक्यात पोटाची हालचाल मंदावते आणि औषध रक्तात उशिरा पोचतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत अर्धशिशीसाठी ऍस्पिरिन, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल आणि सुमाट्रिप्टान आहेत, आणि झटके वारंवार येणाऱ्यांसाठी प्रतिबंधक म्हणून प्रोप्रॅनोलॉल. पोटाचा अल्सर, दमा, हृदयविकार, गरोदरपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. सीजीआरपी नावाच्या रेणूला अडवणारी नवी प्रतिबंधक औषधं २०१८ पासून आली आहेत. ज्या संशोधनातून ती निघाली, त्यासाठी चार शास्त्रज्ञांना २०२१ चं ब्रेन प्राइझ हे मेंदूसंशोधनासाठीचं पारितोषिक मिळालं. ही औषधं महाग आहेत, आणि जगातल्या बहुतेक रुग्णांना आज हवी आहे ती त्याआधीची पायरी. कोणीतरी निदान करणं.

स्वतःवरचं ओझं मोजायचं कसं?

मायडास नावाची पाच प्रश्नांची प्रश्नावली आहे. गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे नोकरी किंवा शाळा किती दिवस बुडाली, किती दिवस तिथलं काम निम्म्याहून कमी झालं, घरकाम किती दिवस झालं नाही, किती दिवस निम्म्याहून कमी झालं, आणि किती दिवस घरच्यांसोबतचे किंवा मित्रमंडळींतले कार्यक्रम चुकले. दिवसांची नुसती बेरीज करायची. समजा २, ५, ३, ४, २ आले. बेरीज १६. पाचपर्यंत म्हणजे नगण्य, ६ ते १० सौम्य, ११ ते २० मध्यम, २१ पासून तीव्र. हा माणूस मध्यम गटात बसतो. नोकरीचे फक्त दोन दिवस बुडाले असल्यामुळे त्याच्या वरिष्ठांना यातलं काहीच दिसलेलं नसेल.

आठवणीवर विसंबू नका, वही ठेवा. तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता थांबलं, कोणती गोळी कधी घेतली, आणि पाळीचे दिवस. एवढं पुरे. फार रकाने आखले की चौथ्या दिवशी वही सुटते.

ताबडतोब दवाखाना गाठायचा तो कधी?

- क्षणार्धात शिखराला पोचणारी, आयुष्यातली सर्वात भयंकर वाटणारी डोकेदुखी
- ताप आणि मान आखडणं, भोवळ येऊन शुद्ध हरपणं किंवा फेफरं
- हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, दिसेनासं होणं
- डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेलं दुखणं
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी
- गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेली
- कर्करोग किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार असताना नव्याने सुरू झालेली

यातलं काही असेल तर वरची सगळी आकडेवारी बाजूला ठेवा आणि आधी निघा.

घरच्यांनी काय करावं?

झटका असताना काहीही विचारू नका. खोलीतला दिवा बंद करा, दार हळू लावा, पाणी आणि गोळी हाताशी ठेवा, आणि त्या माणसाचं त्या वेळचं काम न सांगता उचला. दुसऱ्या दिवशी तो उठेल तेव्हाही पूर्ण बरा नसतो. डोकं रिकामं-रिकामं आणि अंग गळून गेल्यासारखं असतं, त्यामुळे साठलेलं काम लगेच पुढ्यात टाकू नका. माझ्या झटक्यांच्या वहीत निम्म्या नोंदी माझ्या थोरल्या बहिणीच्या अक्षरात आहेत. मला पेन धरवत नसे तेव्हा ती दाराच्या फटीतल्या उजेडात बसून वेळ लिहून ठेवायची.